रिसीव्हर की सुटी उपकरणे: वाचनालयाच्या श्रवणकक्षाच्या प्रकल्प नोंदी

८ जून २०२४, शनिवार

मिरजेतील आमच्या वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी संध्याकाळी होणारी श्रवणबैठक आज सलग तिसऱ्यांदा रद्द करावी लागली. मे महिन्याच्या अखेरीस वळवाच्या पावसात वीज कडाडली, क्षणभर दिवे भगभगले आणि २०११ साली देणगीतून घेतलेला रिसीव्हर, म्हणजे आवाज वाढवून स्पीकरला पुरवणारे एकत्रित यंत्र, बंद पडला. ओळखीच्या रेडिओ दुरुस्ती कारागिरांनी आज तो माझ्यासमोर उघडला. ट्रान्सफॉर्मर शाबूत आहे, ध्वनिवर्धनाचे ट्रान्झिस्टर शाबूत आहेत, मोठे कपॅसिटरही फुगलेले नाहीत. जळले आहे ते दूरचित्रवाणीसाठीच्या एचडीएमआय जोडण्यांमागचे डिजिटल कार्ड, आणि हे कार्ड आता मिळत नाही असे सेवा केंद्राने लेखी कळवले आहे. या यंत्रात रेकॉर्डचा अॅनालॉग संकेतसुद्धा आधी डिजिटल होऊन त्याच कार्डातून पुढे जात असल्यामुळे, दूरचित्रवाणीशी काहीही संबंध नसलेल्या आमच्या चारशे तबकड्याही त्या एका कार्डापायी मुक्या झाल्या आहेत.

कार्यकारिणीने सव्वा लाख रुपये मंजूर केले असून निवडीचे काम माझ्यावर सोपवले आहे. स्पीकरची जोडी चांगली आहे, ती राहणार. प्रश्न एवढाच आहे की पुन्हा सर्व काही पोटात घेतलेला एकच रिसीव्हर घ्यावा, की अँप्लिफायर, डॅक (डिजिटल संकेताचा अॅनालॉग करणारे उपकरण) आणि रेकॉर्डसाठीचा फोनो प्रीअँप अशी सुटी उपकरणे घेऊन ती जोडावीत. निर्णय ऐकीव मतांवर न घेता प्रत्यक्ष चाचणी करून घ्यावा आणि त्याची नोंद पुढच्या कार्यकारिणीसाठी ठेवावी, म्हणून ही वही.

११ जून, मंगळवार

आधी शब्दांचा घोळ दूर करणे आवश्यक वाटते. रेडिओचा संकेत ग्रहण करणारा ट्यूनर आणि अँप्लिफायर एकाच खोक्यात आले की त्याला रिसीव्हर म्हणत. सत्तरच्या दशकात अशा स्टिरिओ रिसीव्हरना हाय-फायच्या जगात मोठा मान होता. १९७८ सालच्या पायोनिअर एसएक्स-१९८० या रिसीव्हरची नोंदवलेली क्षमता प्रत्येक चॅनेलला, म्हणजे प्रत्येक स्पीकरला, २७० वॅट होती. त्याच वर्षी आलेला एनएडी ३०२० हा ट्यूनर नसलेला साधा अँप्लिफायर केवळ २० वॅटचा होता आणि तरीही त्याची कीर्ती आजवर टिकली आहे. त्यामुळे ‘एकत्र म्हणजे हलके आणि सुटे म्हणजे भारी’ हा आमच्या काही सभासदांचा समज मला इतिहासाला धरून वाटत नाही.

आज दुकानात रिसीव्हर म्हणून जे मिळते, ते मात्र मूळ रिसीव्हरपेक्षा वेगळे यंत्र आहे. त्यात पाच, सात किंवा अधिक अँप्लिफायर, चित्रसंकेत फिरवणारे एचडीएमआय कार्ड, सभोवतालच्या ध्वनीचे संकेत उलगडणारा प्रोसेसर, इंटरनेटवरून संगीत ओढणारा भाग, खोलीचा दोष मोजून दुरुस्त करणारी प्रणाली आणि कोपऱ्यात कुठेतरी जुना रेडिओही असतो. ज्या घरात पाच स्पीकर लावून चित्रपट पाहिले जातात, तिथे याला खरोखर पर्याय नाही. तेवढे सगळे सुट्या उपकरणांत जमवायचे तर खर्च कित्येक पटींनी वाढेल. आमच्याकडे स्पीकर दोन आहेत. महिन्यातून एकदा मैफलीचे चित्रीकरण पाहतो, एरवी निव्वळ ऐकतो.

१५ जून, शनिवार

आज वॅटचा हिशोब केला. एका रिसीव्हरच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत १५० वॅट लिहिले आहे. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत त्याचा खुलासा आहे: एकच चॅनेल चालू, ६ ओहमचा भार, एकच १ किलोहर्ट्झचा सूर आणि १० टक्के विकृती. दहा टक्के विकृती म्हणजे कानाला सरळ फाटलेला आवाज. त्याच पानावर दोन चॅनेल, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ आणि ०.०८ टक्के विकृती या अटींवर आकडा ८० वॅटवर येतो. सातही चॅनेल एकाच वेळी राबवले तर तो आणखी खाली येणार, कारण सर्वांचा वीजपुरवठा एकाच ट्रान्सफॉर्मरमधून होतो. फुगवलेल्या आकड्यांची ही तक्रार जुनीच आहे. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली अँप्लिफायरची क्षमता कोणत्या अटींवर जाहीर करावी याचा नियमच केला होता.

आता आमची गरज पाहू. आमच्या स्पीकरची संवेदनक्षमता ८८ डेसिबल आहे, म्हणजे एका वॅटला एक मीटर अंतरावर ८८ डेसिबल आवाज मिळतो. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज ६ डेसिबलने घटतो, या हिशोबाने तीन मीटरवर साधारण साडेअठ्ठ्याहत्तर डेसिबल उरतात आणि दोन्ही स्पीकर मिळून त्यात सुमारे ३ डेसिबलची भर पडते. बैठकीत आम्ही सरासरी ७२ डेसिबलच्या आसपास ऐकतो, म्हणजे विलंबित ख्याल चालू असताना अँप्लिफायर एका वॅटचा जेमतेम आठवा-दहावा भाग खर्च करत असतो. समेवर तबल्याची थाप सरासरीच्या १८ डेसिबल वर गेली तरी सात-आठ वॅट पुरतात. क्षमता दुप्पट केल्याने केवळ ३ डेसिबल मिळतात, हे एकदा ध्यानात आले की ४५ वॅट आणि ८० वॅट यांतील फरकासाठी अधिक पैसे मोजण्यात अर्थ उरत नाही. या मुद्द्यावर दोन्ही पक्ष समान आहेत. किंबहुना सात चॅनेलसाठी बांधलेला वीजपुरवठा दोनच चॅनेलना वाहायचा असेल तर रिसीव्हरही निवांत असतो, हे मान्य केले पाहिजे.

२२ जून, शनिवार

सांगलीच्या एका सभासदांनी त्यांचा दोन वर्षांचा रिसीव्हर चाचणीसाठी दिला. दुसऱ्या सभासदांकडून ४५ वॅटचा स्टिरिओ अँप्लिफायर आणि वेगळा डॅक मिळाला. दोन्हींना एकाच सीडी प्लेअरचा डिजिटल संकेत दिला, पडदा लावला आणि पडद्यामागे एका तरुण सभासदाला स्पीकरच्या तारा बदलण्यास बसवले. सहा जण ऐकायला होते.

सहाही जणांनी सुट्या उपकरणांना कौल दिला. ‘आवाज उघडला’, ‘स्वर पुढे आला’, ‘तबला जिवंत वाटतो’ असे अभिप्राय वहीत लिहून घेतले आणि मलाही तसेच वाटले. घरी जाताना मात्र मन साशंक झाले, कारण दोन्हींचा आवाज मी केवळ कानाने जुळवला होता.

२३ जून, रविवार

सकाळी एकटाच जाऊन मल्टिमीटर लावला. चाचणीच्या सीडीवरील १०० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांशी व्होल्टेज मोजले; साधा मल्टिमीटर इतक्या खालच्या कंपनसंख्येवर विश्वासार्ह असतो, वरच्या सुरांवर तो फसवतो. सुट्या अँप्लिफायरचे व्होल्टेज २.८३ आले, म्हणजे ८ ओहमच्या भारावर बरोबर एक वॅट. कालच्याच खुणेवर रिसीव्हरचे व्होल्टेज २.४६ होते. हा फरक १.२ डेसिबलचा होतो. एवढा फरक ‘मोठा आवाज’ म्हणून कानाला जाणवत नाही, पण ‘चांगला आवाज’ म्हणून हमखास जाणवतो. काल आम्ही सहा जणांनी उपकरणे नव्हे, तर १.२ डेसिबल निवडले होते.

संध्याकाळी सर्वांना पुन्हा बोलावले, दोन्ही व्होल्टेज ०.०३ च्या आत जुळवले, रिसीव्हरच्या सर्व प्रक्रिया बंद करून त्याला थेट मार्गावर ठेवले आणि आठ फेऱ्या घेतल्या. कोणालाही आठपैकी पाचांहून अधिक वेळा उपकरण ओळखता आले नाही, म्हणजे नाणेफेकीहून विशेष काही नाही. कालच्या अभिप्रायांचे पान मी फाडलेले नाही. आजच्या पानासमोर ते तसेच राहू द्यावे.

या निष्कर्षाने दोन सभासद दुखावले गेले. त्यांनी आपापल्या घरी मोठ्या हौसेने सुटी उपकरणे जमवली आहेत आणि त्या हौसेत खोटे काही नाही. मी त्यांना एवढेच म्हटले की आपली चाचणी मध्यम आवाजात, याच खोलीत आणि याच स्पीकरवर झाली आहे. स्पीकर अवघड भाराचे असते किंवा खोली सभागृहाएवढी असती, तर उत्तर वेगळे येऊ शकले असते.

२९ जून, शनिवार

आजचा दिवस या प्रकल्पातला सर्वांत शिकवणारा ठरला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला यंदाच भौगोलिक मानांकन मिळाले. त्या परंपरेत सारी हयात घालवलेले, सत्तरी ओलांडलेले एक कारागीर काका माझ्या विनंतीवरून तंबोरा घेऊन आले. घोडीवर तारेखाली दोरा किंचित पुढे-मागे सरकवत त्यांनी जवारी लावली. दोरा एका जागी येईपर्यंत तार नुसती टणटणत होती. त्या जागी येताच तिच्यातून स्वरांची झालर सुटली. काळी एकमध्ये लावलेला तंबोरा चार मिनिटे छेडून तो मी रेकॉर्डरवर टिपला आणि त्याच खोलीत, त्याच जागी ठेवलेल्या स्पीकरवरून संगणकामार्फत वाजवला. शेजारी खरा तंबोरा होताच.

आवाजाच्या पोताबद्दल काकांनी दोन्ही उपकरणांना जवळपास सारखेच गुण दिले. ‘जवारी थोडी बंद झाल्यासारखी वाटते, पण दोन्हीकडे तशीच,’ असे त्यांचे म्हणणे पडले. ती घट रेकॉर्डर आणि स्पीकर यांची आहे. मग सुट्या उपकरणांवर ध्वनिमुद्रण थांबवले तेव्हा ते मान तिरकी करून म्हणाले, ‘हा तीव्र मध्यम कोण लावतंय?’

मला काहीच ऐकू आले नव्हते. स्पीकरला कान लावला तेव्हा विजेची गुणगुण कळली. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ही गुणगुण ५० आणि १०० हर्ट्झवर असते. काळी एकचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा; त्याचा खालच्या सप्तकातील तीव्र मध्यम ९८ हर्ट्झच्या आसपास येतो. म्हणजे १०० हर्ट्झची गुणगुण त्या षड्जाला किंचित चढा तीव्र मध्यम देत राहते. मारवा-पूर्वी थाटाच्या रागांत ती लपेल, पण शुद्ध मध्यमाच्या रागात तंबोऱ्याच्या पोटातच ती बेसूर मिसळेल. रिसीव्हरवर ही गुणगुण नव्हती.

कारण शोधायला तासभर लागला. अँप्लिफायर आणि संगणक वेगवेगळ्या भिंतींवरच्या सॉकेटमध्ये लावलेले होते, दोन्हींना अर्थिंग होते आणि जुन्या इमारतीतील त्या दोन अर्थिंगमध्ये अल्पसा विद्युतदाब होता. त्यामुळे जोडतारांच्या जाळीतून प्रवाह वाहत होता. सर्व उपकरणे एकाच विस्तार बोर्डावर आणताच गुणगुण थांबली. एका सभासदाने अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय सुचवला होता. तो मी स्पष्टपणे नाकारला, कारण तसे करणे जिवाशी खेळ आहे. सुटी उपकरणे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे की एकेक वस्तू निर्दोष असूनही त्यांच्या जोडणीतून नवा दोष जन्मू शकतो. एका खोक्यात ही जबाबदारी कारखान्याची असते, सुट्या मांडणीत ती आपली असते.

६ जुलै, शनिवार

रिसीव्हरची सर्वांत मोठी ताकद आज तपासली. त्याच्यासोबतचा मायक्रोफोन सहा जागी ठेवून खोली मोजून घेतली आणि दुरुस्ती चालू केली. या वेळी आठही फेऱ्यांत सर्वांनी फरक ओळखला आणि सर्वांनी दुरुस्ती केलेल्या आवाजाला पसंती दिली. बायाँचा (तबल्याच्या डग्ग्याचा) ‘घे’ घुमून पसरत होता तो आटोपशीर झाला, मींड ऐकू येऊ लागली. येथे सुट्या उपकरणांचा निःसंशय पराभव झाला आणि मी रिसीव्हरच घेण्याच्या विचाराला आलो.

मग टेप घेऊन खोली मोजली: लांबी ५.४ मीटर, रुंदी ३.६, उंची ३. ध्वनीचा वेग आपल्या हवेत सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरला तर लांबीच्या दिशेने ३२ आणि ६४ हर्ट्झवर खोली स्वतःच घुमणार. ६४ हर्ट्झ म्हणजे नेमका बायाँचा प्रदेश. आमची मंडळी वर्षानुवर्षे मागच्या भिंतीला पाठ टेकून बसतात आणि भिंतीलगत हे घुमणे सर्वाधिक असते. लांबीच्या पाऊण अंतरावर मात्र ६४ हर्ट्झचे घुमणे जवळजवळ शून्यावर येते. सतरंजी आणि लोड मागच्या भिंतीपासून १.३५ मीटर पुढे ओढले, स्पीकर समोरच्या भिंतीपासून थोडे पुढे घेतले, मागच्या भिंतीवर दोन जाड गोधड्या टांगल्या. आपण जमिनीवर बसतो तेव्हा कान साधारण पाऊण मीटर उंचीवर असतात, म्हणून स्पीकर उंच स्टँडवरून उतरवून बुटक्या चौरंगांवर ठेवले.

त्यानंतर दुरुस्ती बंद-चालू करून पाहिली. फरक उरला होता, पण कमी. सहापैकी दोघांनी तर आता दुरुस्तीशिवायचा आवाज बरा म्हटला. पाठ टेकायला भिंत नाही, याबद्दल ज्येष्ठांनी तक्रार केली आहे, ती रास्त आहे. त्यांच्यासाठी पाठीच्या बैठकी खुर्च्या करून घ्याव्या लागतील.

एक बाब सुटू नये म्हणून नोंदवतो. रिसीव्हरने आपण होऊन ८० हर्ट्झची सीमा ठरवून तिच्याखालील सर्व सूर सबवूफरकडे (फक्त खालच्या सुरांसाठीच्या वेगळ्या स्पीकरकडे) पाठवण्याची तयारी केली होती. काळी एकचा खर्ज ६९ हर्ट्झचा आहे. त्याचा मूळ स्वर एका पेटीतून आणि जवारीने उमटणारे वरचे सहस्वर दुसऱ्या पेट्यांतून, अशी तंबोऱ्याची फाळणी होईल. तंबोऱ्यात मूळ स्वर क्षीण आणि सहस्वर प्रबळ असल्याने ती फार खटकली नसती, तरी सबवूफर नसलेल्या आमच्या मांडणीत ही सेटिंग बदलणे आवश्यक होते.

१३ जुलै, शनिवार

आज तबकड्या. सुई बसवलेल्या पिकअपमधून येणारा संकेत अवघा पाच मिलिव्होल्टच्या घरातला असतो आणि तबकडी कापताना खालचे सूर दाबून वरचे उचललेले असतात; टोकांना ही उलथापालथ सुमारे २० डेसिबलची होते. ती पूर्ववत करण्याचे काम फोनो प्रीअँपचे. १९५४ साली आरआयएए या अमेरिकी ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने यासाठी ठरवलेली रेषा, म्हणजे कोणता सूर किती दाबायचा-उचलायचा याचे प्रमाण, पुढे सर्वत्र रूढ झाली. रिसीव्हरच्या आतील फोनो एलपीसाठी पुरेसा निघाला. पार्श्वभूमीला सूं-सूं थोडी अधिक होती, तीही सुई खाली येताच तबकडीच्या खरखरीत बुडत होती.

अडचण आली ती मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखी तबकड्यांपाशी. आमच्याकडे अशा साठ-सत्तर आहेत आणि वाचनालयाचा खरा ठेवा तोच आहे. मिरज ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते गायक अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांचे सारे ध्वनिमुद्रण त्याआधीचे, म्हणजे आरआयएएच्या बरेच आधीचे. त्या तबकड्यांची खाच एलपीच्या दोन-तीन पट रुंद असते, त्यामुळे सुई सुमारे ७५ मायक्रॉनची हवी, एलपीची १८ ते २५ मायक्रॉनची सुई खाचेच्या तळाशी घरंगळत केवळ कचरा वाजवते. शिवाय वरच्या सुरांची रेषा बदलता आली पाहिजे. आरआयएए लावली तर आवाज कोंदट होतो, जणू गवई घोंगडीआडून गातो आहे. उसन्या आणलेल्या एका सुट्या फोनोवर रेषा बदलण्याची कळ होती. ती फिरवताच त्या क्षीण, खरखरीत आवाजातून तारषड्ज इतका मोकळा वर आला की खोलीतील सर्व जण काही क्षण बोललेच नाहीत. रिसीव्हरच्या पोटातील फोनोत ही सोय नाही, आणि पोटातला भाग बदलताही येत नाही.

१८ जुलै, गुरुवार

निर्णय लिहितो. ४५ वॅटचा स्टिरिओ अँप्लिफायर, वेगळा डॅक, रेषा बदलता येणारा फोनो आणि ७८ साठी वेगळी सुई घ्यावी, अशी शिफारस कार्यकारिणीकडे पाठवली. आवाजाची तुलना हे या शिफारशीचे कारण नाही, तसे मी त्यात स्पष्ट नमूद केले आहे. कारणे दोन. एक, लाखी तबकड्या. दुसरे, ज्या यंत्राने हा प्रकल्प सुरू करायला लावला त्याचे प्रेत अजून कपाटात आहे. एचडीएमआयची आणि डिजिटल संकेतांची मानके काही वर्षांनी बदलतात, अँप्लिफायरचे काम मात्र पन्नास वर्षांपूर्वी होते तेच आहे. जे लवकर म्हातारे होते ते आणि जे टिकते ते एकाच खोक्यात बांधले की टिकाऊ भागालाही अल्पायुषी भागाबरोबर जावे लागते. डॅक जळला तर तो बदलू, त्या शनिवारी तबकड्या ऐकू. दूरचित्रवाणीचा आवाज ऑप्टिकल तारेने डॅकमध्ये घेणार आहोत. ती तार काचेसारख्या तंतूची असल्याने विजेचा झटका तिच्यातून अँप्लिफायरकडे येऊ शकत नाही.

खोली दुरुस्त करण्याची रिसीव्हरची सोय आपण गमावतो आहोत आणि ती लहानसहान गोष्ट नाही. पुण्यातील माझ्या भाच्याने याच सुमारास सल्ला विचारला. त्याच्या दिवाणखान्यात कोच हलवता येत नाही, गोधड्या टांगता येत नाहीत आणि घरातल्यांना चित्रपट पाहायचे आहेत. त्याला मी विनासंकोच रिसीव्हर घ्यायला सांगितले.

२१ जुलै, रविवार, गुरुपौर्णिमा

उसन्या उपकरणांवरच आजची बैठक झाली. नवी येत्या पंधरवड्यात येतील. पस्तीस माणसे होती, त्यामुळे खोलीचा प्रतिध्वनी आणखी कमी झाला. रेडिओ कारागिरांनी जुन्या रिसीव्हरचा ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर काढून घेतले असून ते एका शाळेच्या अँप्लिफायरच्या दुरुस्तीत वापरणार आहेत.

सुरुवातीला पाहिले तर अँप्लिफायरवर कोणी प्रेमाने विणलेले लोकरीचे झाकण घातले होते. जुन्या रिसीव्हरवरही ते असायचे आणि त्याच्या उष्णतेच्या झडपा त्याखाली झाकल्या जात. झाकण टर्नटेबलच्या काचेवर घातले, अँप्लिफायरवर बारा सेंटीमीटर मोकळी जागा सोडली, आणि पाली-झुरळे आत जाऊ नयेत म्हणून मागच्या झडपांसमोर बारीक जाळी बसवायचे काम पुढच्या शनिवारसाठी लिहून ठेवले.